गिझर घराबाहेर हलवायचाय? आधी पाटी वाचा, मग टेप काढा

गिझर बाथरूममधून बाहेर काढावा असं वाटण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. बाथरूम लहान आहे आणि डोक्यावरची टाकी नकोशी झाली आहे. टाकी एकदा गळली आणि खालचं छत भिजलं. किंवा गॅस गिझर आत बसवलेला आहे आणि त्याची धास्ती वाटते.

यातलं शेवटचं कारण सगळ्यात सबळ. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आणि दार लावलेल्या छोट्या बाथरूममध्ये माणूस कडीपर्यंत पोचायच्या आत कोसळू शकतो. ‘गॅसचा वास आला असता की’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. तो वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तेव्हा हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो आत्तापासूनच बंद ठेवा.

बाकीच्या कारणांसाठी मात्र जरा थांबून हिशोब करावा. टाकी बाहेर गेली की जागा मोकळी होते हे खरं, पण गरम पाण्याची वाट पाहणं रोजचं होतं, आणि जे यंत्र आजवर छताखाली होतं ते ऊन-पावसात जातं. बहुतेक लोक टाकी कुठे टांगायची याचाच विचार करतात. खरं काम असतं पाइपचं आणि पावसाचं.

हे यंत्र बाहेरचं आहे का?

गिझरच्या अंगावर एक छोटी पाटी असते. तिच्यावर ‘आयपी’ अक्षरांपुढे दोन अंक किंवा खुणा असतात. दुसरा अंक पाण्याबद्दलचा. १ म्हणजे वरून सरळ पडणारे थेंब चालतील, ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी चालेल, ५ म्हणजे पाण्याची धार चालेल. छज्जाखाली, पावसाची झड येऊ शकेल अशा ठिकाणी ४ पेक्षा कमी असेल तर विचारच सोडा. पण ४ किंवा ५ दिसले म्हणून निश्चिंतही होऊ नका. हा अंक फक्त पाण्याबद्दल बोलतो; उन्हाने ठिसूळ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणाबद्दल नाही. ‘बाहेर बसवण्यास योग्य’ असं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल तर तो गिझर घरातला समजायचा. तो बाहेर बसवला की वॉरंटीही बहुधा गेली.

गॅस गिझरच्या बाबतीत हा फरक आणखी कडक आहे. घरातल्या वापराचं मॉडेल वारा नसलेल्या जागेसाठी बनवलेलं असतं. बाहेर वाऱ्याचा झोत आला की ज्योत विझते, किंवा त्याहून वाईट म्हणजे जळलेला वायू उलटा फिरून बर्नरवरच येतो. बाहेरच्या मॉडेलमध्ये बहुधा पंखा असतो, धूर सोडायची जाळी समोरच्या पत्र्यातच असते आणि आतले भाग पावसापासून झाकलेले असतात. म्हणून आतला गॅस गिझर उचलून बाहेर लावू नये. आणि पाऊस लागू नये म्हणून त्याला बंद कपाटात तर मुळीच कोंडू नये. ज्या कारणासाठी तो बाहेर काढला तेच कारण आपण पुन्हा तयार करतो.

टाकीच्या तळाशी, जोडांपाशी गंजाचे ओघळ दिसत असतील तर ती हलवण्यात अर्थ नाही. उतरवताना, वाकडी-तिकडी करताना आतला गंज सुटतो आणि नव्या जागी ती दोन महिन्यांत गळायला लागते. नवीन यंत्र घेणारच असाल तर उष्णता पंपाचा विचार जरूर करा. तो भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो, त्यामुळे मोकळी हवा ही त्याची हक्काची जागा आहे.

अंतराचा हिशोब

इथे घाई करू नका. पुढची दहा वर्षं तुम्ही रोज सकाळी या हिशोबाचं फळ भोगणार आहात.

गरम पाण्याचा कॉक उघडला की आधी पाइपमध्ये थंड होऊन बसलेलं पाणी बाहेर येतं. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण १३० मिलीलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीमध्ये अडीचशेच्या आसपास. समजा गिझर बाहेर नेल्यावर पाइप १२ मीटर झाला. अर्ध्या इंचीमध्ये दीड लिटर, पाऊण इंचीमध्ये तीन लिटर. शॉवरमधून मिनिटाला ६ लिटर येत असेल तर पहिल्यात पंधरा सेकंद थांबायचं, दुसऱ्यात तीस. शिवाय पाइपचं अंग तापायला वेळ लागतो तो वेगळा. आणि कॉक बंद केल्यावर तेवढंच तापवलेलं पाणी पाइपमध्ये राहून थंड होतं. बेसिनवर हात धुणाऱ्याला तर गरम पाणी भेटतच नाही. त्याचं काम आटोपतं तेव्हा ते वाटेत असतं.

म्हणून ‘मोठा पाइप टाका, प्रेशर छान येईल’ हा सल्ला ऐकताना सावध राहा. एकाच बाथरूमला पाणी जात असेल आणि दाब ठीक असेल तर अर्धा इंच पुरतो. वरच्या टाकीतून कमी दाबाने पाणी येत असेल तर मात्र पाऊण इंची घ्यावाच लागतो, आणि मग अंतर कमी ठेवणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

अंतर मोजताना सरळ रेषा मोजू नका. पाइप भिंतीवरून चढणार, खिडकीला वळसा घालणार, पुन्हा उतरणार. त्याच वाटेने टेप फिरवा. एक सोपी चाचणीही करून पाहा: सकाळी पहिल्यांदा गरम कॉक उघडताना खाली बादली धरा आणि पाणी कोमट होईपर्यंत किती साठतं ते बघा. सध्याचं वाया जाणारं पाणी कळलं की नव्या अंतराचं किती होईल याचा अंदाज डोळ्यांसमोर येतो. बादली अर्धी भरणार असेल तर जागा बदला, नाहीतर लांबच्या बेसिनसाठी एक छोटा इन्स्टंट गिझर वेगळा ठेवा.

दाबाचंही इथेच बघून घ्या. पाण्याच्या टाकीपासून दर १० मीटर उतारामागे साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे टाकी ३ मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार. इन्स्टंट गॅस गिझर ठरावीक प्रवाह मिळाल्याशिवाय पेटतच नाही. बऱ्याच मॉडेलना मिनिटाला अडीच-तीन लिटर लागतात. हौसेने तो गच्चीवर टाकीच्या शेजारी नेला आणि मग पेटेना, ही तक्रार प्लंबर लोकांना तोंडपाठ आहे. तिथे प्रेशर पंप लागतो, किंवा गिझर खाली आणावा लागतो.

जागा कशी निवडावी

सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाथरूमच्याच भिंतीची बाहेरची बाजू, छज्जाखाली, दुपारचं ऊन न येणारी. पाइप भिंतीतून आरपार जातो आणि अंतराचा प्रश्नच संपतो.

वजन विसरू नका. २५ लिटरची टाकी रिकामी दहा किलोच्या आसपास, भरल्यावर पस्तीस. १०० लिटरची भरली की सव्वाशे किलोच्या घरात जाते; ती भिंतीवर नको, खाली ओट्यावर उभी करता येणारी घ्या. ओटा जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे पावसाचं पाणी बुडाला लागत नाही. भिंतीवरचा गिझर माणसं जातात-येतात त्या वाटेच्या वर टांगू नये.

गॅस असेल तर खिडकी, दार, झरोका, शेजाऱ्यांची खिडकी यांपासून पुस्तिकेत दिलेलं अंतर काटेकोर पाळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघराच्या झरोक्यात साठतो. असं काही जवळ असेल तर दुसरी भिंत शोधा. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो वर निघून जातो, पण वर छज्जाचा बंद कोपरा असेल तर तिथे अडकतो.

दुरुस्तीला हात जाईल एवढी जागा सोडा. टाकीचा हीटिंग एलिमेंट आणि मॅग्नेशियमचा रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) बहुधा खालून काढावे लागतात. टाकीखाली दोन विटांएवढीच फट ठेवली तर पुढे प्रत्येक वेळी अख्खी टाकी उतरवावी लागेल.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाहेरची भिंत तुमच्या एकट्याची नसते. परवानगी आधी घ्या, छिद्र नंतर पाडा.

कामाचा क्रम

जुना गिझर चालू असतानाच (वर सांगितलेला हवा नसलेल्या बाथरूममधला गॅस गिझर सोडून) नव्या जागेचं सगळं काम उरकून घ्यायचं. भिंतीवरचे बोल्ट, पाइप, वायर तयार झाले की शेवटी टाकी हलवायची. उलट केलं तर आठवडाभर पातेल्यात पाणी तापवावं लागतं.

छिद्र पाडण्याआधी भिंतीत काय लपलं आहे ते बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायर असण्याची शक्यता जास्त, कॉकच्या सरळ वर-खाली पाइप. आधी बारीक बिटने एक आरपार छिद्र घ्या, जागा बरोबर आली का तपासा, मग मोठं करा. छिद्राला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. हे एवढंसं काम राहिलं की पावसाळ्यात पाणी पाइपच्या अंगावरून आत येतं आणि आतला गिलावा फुगतो. छिद्रात पाइपपेक्षा मोठ्या मापाचा प्लॅस्टिक पाइपचा तुकडा बसवा, त्यातून गरम पाइप न्या आणि उरलेली फट बाहेरून सिलिकॉनने भरा.

टांगण्यासाठी अँकर फास्टनर (आवळले की भिंतीत फुगून बसणारे बोल्ट) वापरा, बाहेर असल्यामुळे शक्यतो स्टेनलेस स्टीलचे. भक्कम वीट किंवा काँक्रीट असेल तर प्रश्न नाही. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर फास्टनर नुसता फिरत राहतो. तिथे आरपार बोल्ट टाकून आतून पट्टी लावावी किंवा खालून लोखंडी स्टँड द्यावा. टाकी चढवण्याआधी बोल्टला अंगाचा भार देऊन ओढून बघा. हललं तर तिथे टांगू नका.

पाइपसाठी सीपीव्हीसी, पीपीआर (तापवून जोडायचा प्लॅस्टिक पाइप) किंवा तांबं. साधा पांढरा किंवा करडा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो. सीपीव्हीसीचा एक गुण लोक विसरतात: १० मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला की सुमारे अडीच सेंटीमीटर लांब होतो. दोन्ही टोकं जाम करून क्लॅम्प आवळले तर हे अडीच सेंटीमीटर कुठेतरी जोड फोडून बाहेर पडतात. म्हणून लांब सरळ तुकड्यात एक-दोन वळणं द्या आणि क्लॅम्प एवढेच घट्ट ठेवा की पाइप त्यात सरकू शकेल. जोडाचं सोल्युशन वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. घाईने पाणी सोडलं की जोड आतून सुटतो. गिझरला पाइप थेट न जोडता स्टीलच्या जाळीची लवचिक नळी वापरा. तांबं आणि जुनं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) एकत्र येत असेल तर मध्ये पितळेचा तुकडा घाला, नाहीतर जोडापाशी जीआय लवकर गंजतो.

थंड पाण्याच्या बाजूला आधी बंद करायचा कॉक, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग टाकी. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक येता कामा नये. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्क्याने फुगतं, म्हणजे २५ लिटरमागे पावणेचारशे मिलीलिटर. हे जास्तीचं पाणी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. गळतंय म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग असतात. त्यांनी टाकीचा बॉम्ब केलेला असतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी लावा, ती सरळ खाली उतरती ठेवा, टोक उघडं ठेवा आणि कुणाच्या पायावर गरम पाणी पडणार नाही अशा जागी सोडा.

आता पाइपवर इन्सुलेशन. काळ्या नायट्राइल रबराची नळी, बाहेरच्या कामाला किमान १३ मिलिमीटर जाडीची. तिची चीर खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी आत मुरत नाही. जोडांपाशी, कोपऱ्यांपाशी फट राहू देऊ नका. हे रबर उन्हात काही वर्षांत भेगाळतं, म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा. जिथे सीपीव्हीसी उघडा राहील तिथे पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंगाचा हात द्या. थिनरचा ऑइल पेंट नको, तो पाइपलाच खातो.

वीज

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि गॅसचं काम गॅसवाल्याकडून. पण त्यांनी काय करायला हवं ते तुम्हाला माहीत असू द्या.

२३० व्होल्टवर २ किलोवॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला स्वतंत्र लाइन हवी, दुसऱ्या प्लगवरून पुढे ओढलेली नको. २ किलोवॅटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३ किलोवॅट आणि लांबचं अंतर असेल तर ४. लाइनवर एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), दोन्ही. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. अर्थिंग आहे एवढ्यावर समाधान मानू नका, मीटरने तपासून घ्या.

बाहेर पिन-सॉकेट टाळा. दोन्ही तारा एकदम तोडणारा आयसोलेटर, आयपी ६५ च्या डब्यात, गिझर दिसेल अशा ठिकाणी. केबल डब्यात खालून शिरायला हवी, आणि शिरण्याआधी तिला खाली झुकणारा एक झोळ द्यायचा. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं, झोळाच्या सगळ्यात खालच्या टोकाला थांबतं आणि तिथूनच टपकतं. वरून शिरलेल्या सरळ केबलवरून तेच पाणी थेट टर्मिनलवर जातं. कारागिराचं काम कसं आहे हे मी आधी या झोळावरून ओळखतो.

चालू-बंद करायचं बटण मात्र दिव्यासकट घरातच ठेवा. बाहेर गेलेला गिझर नजरेआड जातो आणि दिवसभर चालू राहतो. टायमर लावलात तर उत्तम.

टाकी हलवण्याचा दिवस

१. वीज मुख्य बोर्डापासून बंद करा. गॅस असेल तर त्याचा कॉकही.
२. टाकीतलं पाणी थंड होऊ द्या. गरम टाकी उघडून भाजलेले हात पुष्कळ आहेत.
३. थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम कॉक उघडा म्हणजे हवा आत जाईल, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीने किंवा खालच्या बुचातून टाकी रिकामी करा.
४. टेस्टरने वीज नाही ना हे टाकीच्या टर्मिनलवर पुन्हा पाहा, मग वायर सोडवा.
५. नळ्या सोडवा आणि दोघांनी मिळून टाकी उतरवा. तळाशी गाळाचं पाणी उरतंच, फडकं जवळ असू द्या.
६. टाकी खाली आहे तोवर मॅग्नेशियमचा रॉड काढून बघा. बारीक काडी झाला असेल तर आत्ताच बदला.
७. नव्या जागी टांगा, थंड आणि गरम बाजू उलटी होणार नाही याची खात्री करून नळ्या जोडा.
८. वीज बंदच ठेवून पाणी भरा. घरातला गरम कॉक उघडा ठेवा. आधी फुसफुस होईल, मग सलग धार येईल. ती आली की टाकी भरली.
९. सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती.
१०. यानंतरच वीज. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला पाहिजे.

रिकाम्या टाकीला वीज दिली तर एलिमेंट लगेच जळतो, म्हणून आठवा टप्पा झाल्याशिवाय दहावा नाही. गॅस गिझरची ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, फडफडणारी दिसली तर बंद करून माणसाला बोलवा.

थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात. ६० ला टिकत नाहीत. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर कॉकपाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळून ठरावीक तापमानाचंच सोडणारा कॉक) बसवा. बाथरूममध्ये उरलेल्या जुन्या पाइपचा तुकडा नुसता बूच मारून सोडू नका, त्यात पाणी साचून राहतं. फाट्यापासूनच काढून टाका. जुन्या जागची वायरही टेप गुंडाळून ठेवायची नाही, बोर्डापासून सोडवायची. गॅस गिझरच्या धुराच्या नळीचं भोक बुजवा.

नंतरची देखभाल

जिथे पाणी गोठतं अशा ठिकाणी राहत असाल तर बाहेरची जागा निवडतानाच दोनदा विचार करा. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. बाहेरच्या काही गॅस मॉडेलमध्ये गोठणरोधक हीटर असतो, पण तो विजेवर चालतो; वीज गेली की संरक्षण गेलं. कडक थंडीत घर बंद ठेवून जाणार असाल तर टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करा.

इतर ठिकाणी शत्रू वेगळे. धुराच्या जाळीत गांधीलमाशा आणि कोळी घर करतात, टर्मिनलच्या डब्यात पाली शिरतात आणि तिथेच चिकटून मरतात. मग आरसीसीबी विनाकारण पडतो असं वाटतं. केबल शिरते तिथलं ग्लँड (केबलभोवती आवळायचं बूच) घट्ट असेल तर हे होत नाही. पावसाळा संपला की वीज बंद करून डबा उघडायचा, आत ओल आहे का बघायचं, जाळी मऊ ब्रशने झाडायची आणि इन्सुलेशनची टेप सुटली असेल तिथे नवी लावायची. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी अधूनमधून उचलून पाणी सोडा, नाहीतर क्षाराने ती चिकटते. मॅग्नेशियमचा रॉड दर वर्ष-दोन वर्षांनी बघा, बोअरचं जड पाणी असेल तर वर्षाला नक्की.